कमानीचे पाटे

वॉरिकशायरमधून जाणारा फॉस वे हा रोमनांच्या काळातला रस्ता. एक्सेटरहून लिंकनपर्यंत तो जवळपास सरळ रेषेत जातो. आमच्या भागातला त्याचा तुकडा आज बी ४४५५ या क्रमांकानं ओळखतात. नकाशावर पाहिलं तर पट्टी ठेवून ओढलेली रेघ वाटते. गाडीत बसल्यावर कळतं की रस्ता उभ्या अंगानं लाटांसारखा आहे. रोमनांनी वळणं टाळली, टेकाडं टाळली नाहीत.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, हिवाळाभर झाकून ठेवलेली माझी एमजीबी बाहेर काढली आणि याच रस्त्याला लागलो. छत मागे टाकलेलं, ऊन कोवळं, दोन्ही बाजूंच्या कुंपणांवर नवी पालवी. एका खोलगट जागी गाडी दबली आणि वर आली. इथवर ठीक. पण वर आल्यावर ती थांबली नाही. पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, आणि तिसरा हेलकावा संपायच्या आत पुढचा खळगा आला. मागचा ॲक्सल रबरी बफरवर असा आदळला की दणका थेट कमरेत बसला. पाठोपाठ पुढची चाकं हलकी झाली आणि क्षणभर स्टिअरिंगमध्ये काही उरलंच नाही. शेजारी बायको बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त दाराची मूठ घट्ट धरली.

त्या रात्री मी टेलिस्कोपिक, म्हणजे आजच्या गाड्यांत असतात तशा नळकांड्याच्या शॉकअपच्या किटची माहिती काढून बसलो. पुढचं आणि मागचं मिळून हजार-बाराशे पौंडांच्या घरात जात होतं. पैसे बाजूला काढता आले असते. तरी 'घेतो' म्हणायला हात उचलेना, आणि तो का उचलत नाही हे समजायला पुढचे चार-पाच महिने गेले.

गाडीबद्दल आधी थोडं सांगायला हवं. एमजी म्हटलं की पुण्यातला माझा भाचा विचारतो, "मामा, हेक्टर का?" त्याची चूक नाही, भारतात २०१९ पासून ते नाव त्याच गाडीनं घरोघरी पोचवलं. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधली. त्यांच्या गाड्या शेजारच्या ॲबिंग्डन गावात बनायच्या. एमजीबी तिथं १९६२ साली आली आणि १९८० च्या ऑक्टोबरमध्ये कारखाना बंद होईपर्यंत बनत राहिली. उघड्या छताची रोडस्टर आणि पक्क्या छताची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. ही श्रीमंतांची गाडी कधीच नव्हती. तरुण शिक्षक, नर्सा, कारकून पैसे साठवून घेत. मला ती आवडते त्याचं हे एक मोठं कारण आहे.

दुसरं कारण बॉनेटखाली आहे. तिचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आपल्या अँबॅसिडरमध्ये वर्षानुवर्षं होतं. २०१९ मध्ये गाडी घेतली तेव्हा अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, व्हिडिओ कॉलवर दाखवली. रंग, आऱ्यांची चाकं, लाकडी स्टिअरिंग, सगळं त्यांनी शांतपणे पाहिलं. मग मी इंजिन सुरू केलं. दोन मिनिटं ऐकून म्हणाले, "ही तर अँबॅसिडरच्या गोतातली दिसतीय." मी त्यांना इंजिनाबद्दल अक्षरही सांगितलेलं नव्हतं.

अण्णा एसटीत होते, दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत. बावीस वर्षं त्यांनी कमानीचंच काम केलं. बसच्या ॲक्सलवर एकावर एक रचलेले जे पोलादी पाटे असतात, त्यांना आपल्याकडे कमान म्हणतात. बसलेल्या कमानी सोडवायच्या, पाटे वेगळे करायचे, तुटके बाद करायचे, सरळ झालेले भट्टीत लाल करून पुन्हा वाक द्यायचा, तेलात विझवायचे, चढत्या क्रमानं रचून मधला बोल्ट आवळायचा. लहानपणी त्यांच्या हाताला कायम एक वास असायचा, जळक्या तेलाचा आणि लोखंडाचा. साबणानं जायचा नाही. जेवताना आम्हा भावंडांना तो वास म्हणजे बाबा घरी आल्याची खूण होती. (आम्ही त्यांना आधी बाबा म्हणायचो. कार्यशाळेतले सगळे अण्णा म्हणायचे, तेच मग घरात आलं.)

तर प्रश्न असा होता. एमजीबीचे शॉकअप आजच्यासारखे नळकांड्याचे नसतात. ते लिव्हर आर्मचे असतात. ओतीव धातूची मुठीएवढी पेटी, तिच्यात तेल आणि दोन दट्ट्ये. पेटीतून एक आडवा दांडा बाहेर येतो आणि त्याला हात जोडलेला असतो. चाक वर-खाली झालं की हात फिरतो, दट्ट्ये सरकतात, आणि तेल झडपेच्या बारीक वाटेनं रेटलं जातं. त्या रेटण्यात हेलकाव्याची ताकद जिरते. साधी, जुन्या काळची आणि दुरुस्त होणारी वस्तू. तिचा दोष असा की तेल थोडं असतं. वाईट रस्त्यावर वेगानं बराच वेळ नेली की तेल तापतं, पातळ होतं आणि पकड सैल पडते. सील गेलं तर तेल बाहेर पाझरतं आणि आत हवा शिरते. नळकांड्याच्या शॉकअपमध्ये तेलही जास्त असतं आणि काम सरळ रेषेत होतं. त्यामुळे 'लिव्हर आर्म काढा, टेलिस्कोपिक बसवा' हा सल्ला एमजीबीवाल्यांमध्ये किती वर्षं फिरतोय याला गणती नाही.

मागच्या बाजूला हा बदल सोपा आहे. जुन्या पेटीच्या भोकांनाच ब्रॅकेट बसतं, खालचं टोक कमानीच्या प्लेटला जातं, काही कापावं लागत नाही. पुढे मात्र एक गुंता आहे आणि तो मला फार सुंदर वाटतो. पुढच्या लिव्हर आर्मचा हात हीच चाकाची वरची विशबोन, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा हलता दुहेरी दांडा, असते. म्हणजे तो शॉकअप नुसता हेलकावा जिरवत नाही, चाकाला वरून धरूनही ठेवतो. तो काढला तर चाकाला वरचा आधारच राहत नाही. म्हणून काही किटांमध्ये जुनी पेटी आतून रिकामी करून नुसता आधार म्हणून ठेवतात आणि शेजारी नळकांडं लावतात. काहींमध्ये पेटी काढून नळीची नवी विशबोन देतात. १९६२ साली ॲबिंग्डनच्या लोकांनी एकाच वस्तूकडून दोन कामं करून घेतली होती. त्या काळी इंग्लंडमध्ये आणखीही काही गाड्यांत ही रीत होती. कमी सुटे भाग, कमी वजन, कमी खर्च. आज आपण ती दोन कामं वेगळी करायला जातो तेव्हा कुठेतरी एक जास्तीचं ब्रॅकेट, एक जास्तीचा बोल्ट येतोच.

कायदाही पाहून घेतला. इथं २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या गाडीला दरवर्षीची एमओटी तपासणी माफ आहे, पण गाडीत मोठे बदल केलेले नसतील तरच. सस्पेन्शनचा प्रकार किंवा पद्धत बदलणं हे मोठ्या बदलात धरतात. मात्र तो बदल सुरक्षितता वाढवणारा असेल किंवा गाडीच्या त्या काळातच होत असल्याचं दाखवता येत असेल, तर चालतो. म्हणजे माझी वाट कायद्यानं अडवलेली नव्हती. एमओटी माफ असूनही मी दरवर्षी करून घेतो. वेगानं जाणाऱ्या पन्नास वर्षांच्या लोखंडाखाली वर्षातून एकदा परक्या माणसानं टॉर्च मारून पाहायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे.

मे महिन्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी त्यांची बदललेली एमजीबी मला चालवायला दिली. पुढे-मागे टेलिस्कोपिक, मागे पॅराबोलिक पाटे, सगळं काम नेटकं. तोच फॉस वे, तोच खळगा. गाडी एकदा दबली, वर आली आणि गप्प बसली. वळणात मध्येच खड्डा आला तरी चाकानं रस्ता सोडला नाही. ते नाकारणं खोटेपणा ठरेल, गाडी उत्तम झाली होती. मी उतरलो आणि त्यांचे मनापासून आभार मानले. घरी येताना माझ्या गाडीत बसलो तेव्हा पहिल्या शंभर यार्डांतच माझी गाडी म्हातारी वाटली.

तेव्हा निर्णय होऊन जायला हवा होता. पण रात्री अण्णांना सांगितलं तर त्यांनी वेगळंच विचारलं.

"तुझे शॉकअप चांगले असताना गाडी कशी चालायची?"

मला उत्तर देता येईना. गाडी हातात आली तेव्हापासून ती अशीच होती. तिचं चांगलं असणं मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग ताडून कशाशी बघतोयस?" ते म्हणाले. "त्या माणसाची नवी गाडी आणि तुझी मोडकी गाडी. असा न्याय नसतो."

ही गोष्ट मी इंजिनिअर असून माझ्या लक्षात आली नव्हती, आणि ती पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरली.

दुसऱ्या रविवारी गाडी स्टँडवर चढवली आणि मागच्या शॉकअपची कडी सोडवली, म्हणजे हात मोकळा झाला. चांगल्या लिव्हर आर्मचा हात हातानं फिरवला तर दोन्ही दिशांना सारखा, जड, सलग विरोध करतो. घट्ट काकवीत डाव फिरवावा तसा. उजवीकडचा तसा होता. डावीकडचा हात मी वर उचलला आणि सुरुवातीचा इंचभर तो काहीच विरोध न करता आला. पोकळ. त्यानंतर एकदम पकड आली. आत तेल कमी आणि हवा जास्त. दांडा जिथून बाहेर येतो तिथं तेलाचा ओघळ होता आणि त्यावर धूळ बसून काळी साय धरलेली. बोटानं पुसली तर खाली ताजं तेल चमकलं. फॉस वेवरचा तिसरा हेलकावा या एका इंचाच्या पोकळीतून आला होता.

पुढे गेलो तर त्याहून वाईट. खालच्या विशबोनच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतात. मूळ रचनेत प्रत्येक दांड्याच्या डोळ्यात दोन्ही बाजूंनी एकेक अर्धुक दाबून बसवतात. माझी अर्धुकं हातात आली ती शिळ्या भाकरीच्या कडेसारखी, दाबली की तुकडे पडणारी. भोक लंबगोल झालेलं. म्हणजे चाक नुसतं वर-खाली होत नव्हतं, ब्रेक लावला की मागे-पुढेही सरकत होतं. हे बुश चार वर्षांपूर्वीच एका गॅरेजमध्ये नवे बसवून घेतले होते. इतक्या लवकर का गेले? नंतर कळलं, आणि ज्यांच्याकडे कुठलीही जुनी गाडी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. गाडी वर उचललेली, चाकं लोंबकळती, अशा वेळी बुशचे नट शेवटचे आवळले तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली टेकली की ते कायमचं पिळलेलं राहतं. रोज प्रत्येक खड्ड्याला ते आणखी पिळलं जातं आणि फाटतं. नट सैल ठेवून गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून हलवायची, आणि मगच आवळायचे. दहा मिनिटांचं काम. पण लिफ्टवर गाडी असताना हात सहज पोचतो, जमिनीवर असताना पाठीवर झोपावं लागतं.

मग टायर. नक्षी भरपूर होती म्हणून मी निर्धास्त होतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. टॉर्च धरून वाचले, ०८११. चौदा वर्षांचे टायर. रबर हाताला प्लॅस्टिकसारखं लागत होतं. हवाही मी आजच्या गाड्यांच्या सवयीनं तिसाच्या वर भरत होतो. या गाडीला पुढे एकवीस आणि मागे चोवीस लागते, हँडबुकात स्पष्ट छापलंय. इतकी वर्षं मी दगडासारख्या टायरांवर चालत होतो आणि दोष सस्पेन्शनला देत होतो.

सगळं एका कागदावर लिहून काढलं तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की यातला एकही दोष १९६२ च्या आराखड्याचा नाही. सगळे झिजेचे, वयाचे आणि हयगयीचे. हयगय माझीही.

पण याच्या पुढे एक खरोखर अवघड प्रश्न होता, आणि तिथं 'मूळ ठेवा' म्हणणाऱ्यांशी माझं पटेना. माझी गाडी १९७५ ची आहे. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून जुन्या नोंदींवरून गाडीचं प्रमाणपत्र मिळतं, ते मी मागवलं होतं. कुठल्या तारखेला बनली, रंग कोणता, कुठे पाठवली, सगळं त्यात आहे. ते प्रमाणपत्र हातात धरून मी विचारायचो, मूळ म्हणजे नक्की काय?

कारण १९७४ च्या शरदात एमजीबीचं काय झालं हे तिच्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अमेरिकेत बंपरबद्दल नवे नियम आले होते. ही गाडी सगळ्यात जास्त अमेरिकेतच खपत होती. क्रोमच्या बारीक बंपरांच्या जागी काळे, जाड, रबरी बंपर आले आणि ते नियमाच्या उंचीला यावेत म्हणून अख्खी गाडी इंचभराहून जास्त वर उचलली. स्पोर्ट्स कार वर उचलणं म्हणजे तिचा तोल वर नेणं, वळणात ती जास्त झुकणार. आणि त्याच वेळी, खर्च वाचवायला म्हणून, रोडस्टरच्या पुढचा अँटी-रोल बारही काढून टाकला. ती पोलादी सळई दोन पुढच्या चाकांना जोडते आणि वळणात गाडीला एका अंगावर कलंडू देत नाही. जिला तिची सगळ्यात जास्त गरज होती तिच्याचकडून ती काढून घेतली. गाडी इतकी डुलू लागली की १९७६ मध्ये कारखान्यानंच पुढे जाड बार परत दिला आणि मागेही एक जोडला. मधल्या पावणेदोन वर्षांतल्या रोडस्टर मात्र तशाच निघाल्या. माझी त्यातली एक.

मला या गोष्टीचं वाईट वाटतं, खरंच वाटतं. ज्यांनी ही गाडी आखली त्यांना ती अशी नको होती. सिड एनिव्हर, ज्यांच्या देखरेखीखाली एमजीबी जन्मली, ते १९७१ मध्येच निवृत्त झाले होते. मागे राहिलेल्या लोकांनी मिळेल त्या पैशात, येईल त्या नियमात ती जिवंत ठेवली. मग १९७५ ची जशीच्या तशी अवस्था जपणं म्हणजे कोणाचा मान राखणं? अण्णांच्या भाषेत सांगायचं तर, डेपोत माल नव्हता म्हणून एक पाटा कमी घालून सोडलेली बस ती. पुढे माल आल्यावर तो पाटा घालायचा नाही का?

अँटी-रोल बार बसवायचा, हे तिथं ठरलं. त्यात मला कसलाही संकोच वाटला नाही. पुढच्या वर्षी कारखान्यानं दिलेलाच बार, त्याच मापाचा.

बुशांचंही तसंच. १९७३ मध्ये ॲबिंग्डननं एमजीबी जीटी व्ही८ काढली, तिच्या खालच्या विशबोनला त्यांनी धातूचं कवच असलेले अखंड बुश वापरले. ते साध्या एमजीबीतही बसतात, रबर असल्यामुळे दणका गिळतात, पण अर्धुकांसारखे पसरत नाहीत. बाजारात पॉलियुरेथेनचे कडक बुशही मिळतात. शर्यतीच्या ट्रॅकवर ते शोभतात. रस्त्यावर ते प्रत्येक खडा सीटपर्यंत आणून सोडतात आणि कोरडे पडले की करकरतात. मी व्ही८ चे घेतले. नट आवळायला पाठीवर झोपलो, गाडी चारही चाकांवर.

गाडी खाली घ्यायचा मोहही होता. क्रोम बंपरच्या उंचीला आणली की ती किती देखणी दिसते! पण नुसत्या आखूड स्प्रिंगा टाकल्या की खालची विशबोन तिच्या मूळ कोनात राहत नाही आणि बफरपर्यंतची जागाही घटते. नीट करायचं तर पुढचा अख्खा क्रॉसमेंबर, म्हणजे पुढचं सस्पेन्शन ज्यावर बसतं तो आडवा सांगाडा, बदलावा लागतो. हा विषय मी सोडून दिला. उंची राहू दे.

आणि शॉकअप? चारही लिव्हर आर्म काढले, एका म्हाताऱ्या कारागिराकडे दिले आणि पुन्हा बांधून घेतले. नवे सील, दांड्याची बैठक घासून नवी, झडपा साफ. पुढच्या जोडीला किंचित कडक झडप. परत आले तेव्हा मी एकेकाचा हात फिरवून पाहिला. वर, खाली, वर. कुठेही पोकळी नाही. काकवी.

टेलिस्कोपिकचं किट मी घेतलं नाही. ते वाईट आहे म्हणून नव्हे. जो रोज गाडी वापरतो, दूर जातो, डोंगराळ भागात राहतो, त्यानं खुशाल बसवावं, मी त्याच्या मदतीला जाईन. माझी गाडी वर्षाला दीड-दोन हजार मैल चालते, तेही उन्हातले. तिच्या लिव्हर आर्मचं तेल तापायच्या आत माझा चहाचा थांबा येतो. आणि खरं सांगायचं तर, दुरुस्त होणारी वस्तू फेकून द्यायला माझा हात धजत नाही. भट्टीतून पाटा पुन्हा वाकवून घेणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढलो.

राहिल्या मागच्या कमानी.

इथं मी अण्णांनाच मध्ये घेतलं. इंग्लंडात दुपार, पुण्यात संध्याकाळ. दोन्ही कमानी सोडवून पाटे गॅरेजच्या फरशीवर क्रमानं मांडले आणि फोन डब्याला टेकवून ठेवला. अण्णा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. डावा डोळा जवळजवळ गेलाय. स्क्रीनवर त्यांना फारसं दिसत नव्हतं. "दाखवू नकोस," ते म्हणाले, "वाजव."

मला कळलं नाही.

"पाटा दोरीला लटकव. हातोडीनं मार. फोन जवळ धर."

एकेक पाटा बीमला दोरीनं टांगला आणि मध्यावर हातोडीनं हलकेच मारलं. पहिला, म्हणजे दोन्ही टोकांना डोळे असलेला मोठा पाटा, देवळातल्या घंटेसारखा वाजला आणि वाजतच राहिला. "बरा आहे." दुसरा तसाच. तिसऱ्याला मारलं आणि आवाज आला न आला, कोणी तोंडावर हात ठेवावा तसा मेला.

"परत मार."

परत मारलं.

"तडा आहे. मधल्या भोकाजवळ बघ."

बोल्टच्या भोकापासून सुरू होऊन कडेकडे गेलेली केसासारखी रेघ. गंज पुसून, नखानं चाचपून, भिंग लावून मला ती सापडायला दहा मिनिटं लागली. सात हजारांहून जास्त किलोमीटरवरून त्यांनी ती एका ठोक्यात ऐकली होती. मी ती रेघ कॅमेऱ्यासमोर धरली. त्यांना दिसली नसणार. तरी म्हणाले, "तिथंच असते ती."

पॅराबोलिक पाट्यांचंही मी त्यांना सांगितलं. कमी पाटे, मध्ये जाड आणि टोकांकडे निमुळते, एकमेकांना फारसे न घासणारे. त्यांनी बारकाईनं ऐकून घेतलं, कौतुकही केलं. मग म्हणाले, की जुन्या कमानीत पाटे एकमेकांवर घासतात ते उगाच नसतं. त्या घासण्यातच अर्धा हेलकावा मरतो. शॉकअपचं काम कमान थोडं स्वतःच करते. तुझे शॉकअप जुन्या ढंगाचे, तेव्हा त्यांना जोडीदारही जुन्या ढंगाचाच दे.

तशाच पूर्ण संचाच्या नव्या कमानी आणल्या. तडा गेलेला पाटा मी टाकला नाही, गॅरेजच्या भिंतीला टांगला आहे. त्याच्या शेजारी मोठा पाटा, वाजणारा.

नव्या कमानींनी मात्र गाडीची शेपटी वर गेली. दिसायला वाईट, जणू टपकन उडी मारायच्या बेतात. बायकोनं पाहिलं आणि विचारलं, चुकीच्या आल्या का? मीही घाबरलो. अण्णांना फोन केला.

"बसू दे," ते म्हणाले. "नवी कमान बसायला वेळ घेते. दोन माणसं घाल, मागे सामान टाक आणि फिरव. बळेच बसवू नकोस."

सप्टेंबरपासून तेच चाललंय. डिकीत बागेतल्या मातीच्या दोन पिशव्या, शेजारी बायको, आणि फॉस वे. त्या खळग्यात गाडी दबते, वर येते, अर्धा हेलकावा घेते आणि थांबते. बायकोचा हात आता मांडीवर असतो. वळणात गाडी झुकते, पण कुठवर झुकणार हे आधी कळतं. नव्या टायरांत एकवीस-चोवीस हवा असल्यानं बारीक खडबड कुठल्या कुठे गेली आहे.

दर रविवारी परत आलो की चाकाच्या मध्यापासून वरच्या पट्टीपर्यंतचं अंतर टेपनं मोजतो आणि भिंतीवर खडूनं लिहितो, त्या टांगलेल्या पाट्यांच्या खाली. पहिल्या दिवसापासून आजवर अर्धा इंच उतरलाय. संध्याकाळी अण्णा आकडा विचारतात. मी सांगतो. "अजून बोटभर आहे," ते म्हणतात, आणि औषधाच्या वेळा, पाऊस, पाणी कपात यांच्याकडे वळतात.